सिस्टर, केसपेपर मागितला तर डॉक्टर रागावतील का?

(वाचकांचे प्रश्न, सिस्टरची उत्तरं)

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी चार वेळा वाचलं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका ताईंचं आहे. ओळख पटेल असा तपशील काढून ते देते आहे. बरीचशी जागा त्यांनाच दिली आहे, बाकीच्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न : सिस्टर, सप्रेम नमस्कार. माझ्या मिस्टरांचं वय ४६. पित्ताशयात खडे निघाले म्हणून तालुक्याच्या गावी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवसापासून पोट फुगलं, उजव्या खांद्यात कळ, उलट्या. मी तीनदा जाऊन सांगितलं. "गॅस आहे, चालायला लावा" म्हणाले. चौथ्या दिवशी घरी सोडलं. घरी आल्यावर डोळे पिवळे झाले. सातव्या दिवशी सोलापूरला नेलं तेव्हा पोटात पित्त साठलेलं निघालं, पित्ताची मुख्य नळी दुखावली होती. दुसरं ऑपरेशन झालं, अकरा दिवस आयसीयूत होते. पहिल्या दवाखान्याचं बिल ७२ हजार, दुसऱ्याचं ३ लाख ९० हजार. दोन एकर गहाण पडली. सोलापूरचे डॉक्टर तोंडी म्हणाले, "हे आधीच लक्षात यायला हवं होतं," पण लिहून देत नाहीत. पहिल्या दवाखान्यात कागद मागायला गेले, तर "तुम्ही सही केलीय, कागद कोर्टातून आणा," असं उत्तर मिळालं. दीर म्हणतात, दहा माणसं घेऊन जाऊ आणि दवाखाना फोडू. मला भांडायचं नाही. पण झालं ती चूक होती की नशीब, एवढं तरी कळावं.
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आधी मिस्टरांचं. त्यांच्या पित्तनळीत प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, घातला आहे का, हे सोलापूरच्या डिस्चार्ज कार्डावर बघा. घातला असेल तर तो साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. कागदांच्या धावपळीत ही तारीख राहून गेलेली मी पाहिली आहे, आणि मग माणूस पुन्हा थंडीतापाने भरती होतो. तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

दुसरं, दिरांना थांबवा. हात जोडून थांबवा. २०१० पासून आपल्या राज्यात रुग्णालयावर हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, वर मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. पण मला कायद्यापेक्षा दुसरीच भीती वाटते. ज्या दिवशी काच फुटते, त्या दिवसापासून तुमच्या नवऱ्याच्या पोटाबद्दल कोणी बोलत नाही, सगळे काचेबद्दलच बोलतात.

आता तुमचा खरा प्रश्न. चूक की नशीब?

मी ३४ वर्षं सरकारी रुग्णालयात नोकरी केली, त्यातली १९ ऑपरेशन थिएटरमध्ये. पित्ताशय काढताना त्याची छोटी नळी क्लिप लावून कापतात. तिच्या शेजारूनच मुख्य नळी जाते. सूज असेल, खडे जुने असतील, तर सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. चांगल्या हातांकडूनही कधीतरी मुख्य नळी दुखावते. म्हणून केवळ नळी दुखावली एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही, हे मनाची तयारी करून ऐका. कायदाही हेच म्हणतो. त्या शाखेतला साधारण कुशल डॉक्टर जशी काळजी घेतो, तशी घेतली की नाही, हे बघितलं जातं. निकाल वाईट आला म्हणून डॉक्टर दोषी, असं होत नाही.

पण तुमच्या पत्रात दुसरी गोष्ट आहे आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. दुसरा, तिसरा, चौथा दिवस. पोट फुगतंय, खांद्यात कळ येतेय, उलट्या होताहेत, बायको तीनदा सांगतेय. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा थोडा दुखतो, पोटात भरलेल्या वायूमुळे, ते खरं आहे. पण ते दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं, तुमच्याकडे ते वाढत गेलं. तेव्हा कोणी पोटाला हात लावून बघितलं का? सोनोग्राफी केली का? रक्त तपासलं का? डिस्चार्जच्या सकाळी नाडी किती होती? उत्तर या प्रश्नांत आहे, आणि ते सगळं केसपेपरमध्ये लिहिलेलं असतं किंवा लिहिलेलं नसतं. दोन्हींपैकी काहीही निघालं तरी ते तुमच्या कामाचं आहे.

तेव्हा कागद. "कोर्टातून आणा" हे साफ चुकीचं आहे. डॉक्टरांसाठी २००२ पासून जी आचारसंहिता आहे, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळायचे आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे. त्याआधी, १९९६ मध्ये, आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं होतं की गोपनीयतेचं कारण पुढे करून रुग्णाला त्याचेच कागद नाकारता येणार नाहीत. झेरॉक्सचा खर्च घेतील, तो द्या.

तोंडी मागू नका. साध्या कागदावर मिस्टरांच्या सहीने अर्ज लिहा : "मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्याकडे भरती होतो. माझ्या संपूर्ण केसपेपरची साक्षांकित प्रत मिळावी. त्यात ऑपरेशन नोट, भुलीचा चार्ट, सिस्टरांच्या नोंदी, ताप-नाडीचा तक्ता, ड्रेनची नोंद, संमतिपत्र, सर्व तपासण्या, पित्ताशयाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट यांचा समावेश असावा. ऑपरेशनचं रेकॉर्डिंग केलं असल्यास तेही मिळावं." दोन प्रती करा, एका प्रतीवर पोहोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. शिक्का देत नसतील तर तिथेच वाद घालू नका. पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पाठवा, पावती फाइलला लावा. ७२ तासांत कागद आले नाहीत, तर त्या पावतीची प्रत जोडून महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करा. नर्सिंग होमच्या नोंदणीवर ज्यांची देखरेख असते त्यांनाही कळवा. महापालिका असेल तर तिचे आरोग्य अधिकारी, बाकी ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी.

आणि कागद हाती आले की डॉक्टरांचं पान सोडा, आधी ताप-नाडीचा तक्ता उघडा. वॉर्डातल्या पोरी रात्री दोनला, सहाला उठून त्यावर ठिपके देतात. डॉक्टर "पेशंट स्टेबल" लिहून जातात, आणि खाली तक्त्यावर नाडी ८८, १०४, ११८, १२४ अशी चढत गेलेली असते. ऑपरेशन झालेल्या माणसाची नाडी अशी चढत असेल, तर पोटात काहीतरी बिघडलं असण्याची शंका घ्यायलाच हवी, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं जायचं. एखाद्या सिस्टरने "डॉक्टरांना कळवले, २.१५" असंही लिहिलेलं असेल. ती ओळ नीट शोधा. खाडाखोड दिसली, एकाच पेनाने चार दिवसांच्या नोंदी एका दमात लिहिल्यासारख्या वाटल्या, तर तेही टिपून ठेवा.

त्याच दिवशी आणखी एक काम करा. तुम्हाला जे आठवतंय ते वहीत लिहून काढा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाला सांगितलं, ते काय म्हणाले. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाने ऐकलं असेल तर त्यांचा नंबर लिहा. फोनवर कोणाला मेसेज केले असतील तर ते पुसू नका. सहा महिन्यांनी मंगळवार होता की बुधवार, हे आठवत नाही.

सहीबद्दल. ऑपरेशनला संमती देणं म्हणजे निष्काळजीपणाला संमती देणं नव्हे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका बाईंचं प्रकरण होतं. तपासणीसाठी भूल दिली आणि त्या गुंगीत असतानाच त्यांचं गर्भाशय काढून टाकलं. आईची संमती घेतली होती, पण बाईंची नव्हती. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही, आणि जीव धोक्यात नसेल तर माणूस शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. तुमच्या संमतिपत्रावर काय लिहिलंय, कोणत्या भाषेत, सही केली तेव्हा रकाने भरलेले होते की कोरे, हे आठवून लिहा.

दाद कुठे मागायची? तीन दारं आहेत आणि तिन्हीकडे मिळणारी गोष्ट वेगळी आहे. पैसे हवेत तर जिल्हा ग्राहक आयोग. डॉक्टरांच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर वैद्यक परिषद. ती ताकीद देऊ शकते, काही काळासाठी नोंदणी काढून घेऊ शकते, भरपाई मात्र देत नाही. तिसरं पोलीस ठाणं. तुमच्या बाबतीत तिसऱ्या दाराचा सल्ला मी देणार नाही, कारण खाली एका डॉक्टरांना उत्तर देताना लिहिलंय.

ग्राहक आयोगात वैद्यकीय सेवा येते, हे १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. २०१९ च्या नव्या कायद्यातही ती आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे सोलापूरला, तक्रार करता येते. पहिल्या दवाखान्याला तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत आहे, म्हणून शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही, पण अशा प्रकरणात वैद्यकीय बाबी समजणारा वकील असलेला बरा. मुदत दोन वर्षांची आहे, हे लाल शाईने लिहा. सोलापूरचे डॉक्टर लिहून देत नाहीत म्हणून खचू नका. त्यांचं डिस्चार्ज कार्ड, त्यांची ऑपरेशन नोट हाच लेखी पुरावा आहे. पोट उघडल्यावर काय दिसलं ते त्यांना लिहावंच लागतं. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत हवंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं आहे. तरी तुमच्यासारख्या प्रकरणात ते मिळालं तर बळ येतं. दूरच्या शहरातल्या, या डॉक्टरांना न ओळखणाऱ्या सर्जनला सगळी फाइल दाखवा आणि "चूक आहे का" असं विचारण्याऐवजी "तिसऱ्या दिवशी तुम्ही असता तर काय केलं असतं" असं विचारा.

वेळ लागेल ताई. कायद्यात महिने लिहिलेत, प्रत्यक्षात वर्षं जातात. घरात बसून विचार करा, मग ठरवा. पण कागद मात्र या आठवड्यात मागा, केस करायची नसली तरी. नवऱ्याच्या पोटात काय काय झालंय हे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला सांगावं लागणार आहे.

प्रश्न : बायकोचं सीझर सरकारी दवाखान्यात झालं. टाक्यांत पू झाला, कोणी लक्ष दिलं नाही. आता बरी आहे. पण सगळं फुकट होतं, मग तक्रार करायचा हक्क आहे का आपल्याला?
— एक वाचक, जि. जालना

उत्तर : आहे. जिथे सगळ्यांनाच सगळं मोफत असतं, तिथे ग्राहक आयोगाचं दार बहुतेक बंद होतं, एवढंच. दिवाणी कोर्टाचं उघडं राहतं.

तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट सांगते. १९६३ सालच्या जुलैमध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. पोटात टॉवेल राहिला. दुसऱ्यांदा पोट उघडून तो काढला, पण बाई वाचली नाही. नवरा आणि मुलं कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयात निकाल फिरला, आणि शेवटी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरलं. तेहतीस वर्षं.

हे प्रकरण मी नवीन मुलींना थिएटरमध्ये सांगत असे. आम्ही मॉप, म्हणजे पोटातलं रक्त टिपायचे कापडी तुकडे, पाच-पाचच्या गठ्ठ्यांत मोजून फळ्यावर खडूने लिहायचो. पोट शिवायच्या आधी सर्जन विचारणार, "सिस्टर, काउंट?" आणि "करेक्ट" म्हटल्याशिवाय सुई पुढे जायची नाही. एकदा एक मॉप कमी भरला. भूल उतरत चालली होती, सर्जन चिडले होते, मी "करेक्ट" म्हणायला तयार नव्हते. वीस मिनिटांनी तो बादलीत सापडला, दुसऱ्या मॉपच्या घडीत चिकटलेला. त्यांनी मला नंतर चहा पाजला.

तुमच्याबाबतीत अधिष्ठाता किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांना तारीखवार लेखी तक्रार द्या. कागद देत नसतील तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात मागा.

प्रश्न : मी तरुण डॉक्टर आहे. तुमच्यासारख्या सदरांमुळे रुग्ण संशयाने बघतात. हल्ली ऊठसूट केस करायचं फॅड आलंय. आम्ही अवघड रुग्ण घ्यायचेच नाहीत का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : डॉक्टर, तुमची भीती मला परकी नाही. म्हणूनच पोलीस केसचा सल्ला मी सरसकट देत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुम्हा लोकांना मोठं संरक्षण दिलंय. गुन्हा होण्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर हलगर्जीपणा लागतो, आणि पोलिसांनी पुढे जाण्याआधी त्याच शाखेतल्या, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. मला ते योग्यच वाटतं. तुरुंगाच्या भीतीने थरथरणारा हात कोणाच्याच पोटात नको.

पण "हल्लीचं फॅड" हे मान्य नाही. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाची मांडी मोडली. त्याला टॅक्सीने पुण्याला आणलं, अकरा तासांचा प्रवास. तिथे पूर्ण भूल न देता माणसांकरवी पाय ओढून हाड बसवलं गेलं, आणि त्याच रात्री मुलगा गेला. दावा लावणारे वडील स्वतः डॉक्टर होते. तीन हजार रुपयांचा हुकूम झाला आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. डॉक्टरचं कर्तव्य काय, हे सांगताना तो निकाल आजही काढला जातो. एका डॉक्टर बापाला दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध पंधरा वर्षं उभं राहावं लागलं, ते फॅड म्हणून नव्हे.

माझा अनुभव असा की नातेवाईक केस करतात ती बऱ्याचदा गुंतागुंत झाली म्हणून नव्हे, तर कोणी बोललं नाही म्हणून. वरच्या ताईंना चौथ्या दिवशी कोणी खाटेपाशी बसवून "नळीला इजा झाल्याचा संशय आहे, आपण सोलापूरला हलवू" म्हटलं असतं, तर हे पत्र आलं नसतं.

प्रश्न : पुढच्या महिन्यात आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. काय काय विचारून घ्यावं? जास्त विचारलं तर डॉक्टर रागावतील, अशी आईला भीती वाटते.
— एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : तुमच्या आईसारखी भीती मलाही वाटली होती, सिस्टर असून.

माझ्या आईचं मनगट मोडलं तेव्हा तिला एका खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं. तिला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. भरती करताना मी ते तरुण डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ओपीडीच्या कागदावर लिहिलंही. तो कागद खालीच राहिला, वॉर्डात नवी फाइल बनली. संध्याकाळी सिस्टर ट्रे घेऊन आली. बाटली पांढरी, झाकण ओळखीचं. "कोणतं इंजेक्शन आहे ग?" हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता आणि मी तो गिळला. आपण त्याच व्यवसायातले, तिला वाटेल आपण तिची परीक्षा घेतोय. पाच मिनिटांत आईचे ओठ सुजले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. अ‍ॅड्रिनॅलिन वेळेत मिळालं म्हणून आई वाचली. त्या मुलीला मी दोष देत नाही, तिच्या फाइलवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून विचारा. प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी "कोणतं औषध, कशासाठी" एवढंच, गोड आवाजात. रक्त चढवणार असतील तर पिशवीवरचं नाव आणि गट दोन जणांनी मिळून वाचला का, ते बघा, आणि पहिली पंधरा मिनिटं आईजवळून हलू नका. थंडी वाजली, कंबर दुखली, अंगावर गांधी उठल्या तर लगेच ओरडून बोलवा. थिएटरला नेण्याआधी सर्जनकडून योग्य गुडघ्यावर मार्करने खूण करून घ्या, आई जागी असताना. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी भेटा. त्यांना नातेवाईक सहसा भेटतच नाहीत आणि खरं तर जीव त्यांच्या हातात असतो. सांधा कोणत्या कंपनीचा, किंमत किती, हे आधी लिहून घ्या आणि खोक्यावरचं स्टिकर डिस्चार्जच्या वेळी मागून घ्या. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आत शिरताना भिंतीवर नजर टाका. कोऱ्या संमतिपत्रावर आईला सही करू देऊ नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटलं तर घ्या, तो रुग्णाचा हक्क आहे. चांगला डॉक्टर याने दुखावत नाही, आणि जो दुखावतो त्याच्याकडे गुडघा द्यायचा का, हे तुम्ही ठरवा.

आणि एक कार्ड करा, पोस्टकार्डाएवढं. माझ्या आईच्या बटव्यात ते शेवटपर्यंत होतं. नाव, वय, रक्तगट. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आणि तेव्हा काय झालं होतं. रोजच्या गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या आणि साखरेच्या. आधीची ऑपरेशनं, सालासकट. घरच्या दोघांचे फोन. अ‍ॅलर्जीची ओळ लाल शाईने. त्याच्या तीन प्रती काढा. एक आईच्या उशाशी, एक तुमच्याकडे, आणि तिसरी वॉर्डात पोचल्यावर नव्या फाइलच्या पहिल्या पानाला स्टेपल करायला सांगा. सिस्टर नाही म्हणणार नाही.